वीर्य आत गेलं, तोंडात गेलं, डोळ्यात उडालं तर काय होतं? नाशिकच्या मेडिकल काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, सातपूरला एका मेडिकलवर गेली चौदा वर्षं उभी असते. एमआयडीसीची शिफ्ट सुटली की गर्दी होते, आणि गर्दीत एक माणूस असा असतोच जो क्रोसिन घेतो, सुट्टे पैसे मोजत बसतो, बाजूचे दोघं जाईपर्यंत थांबतो आणि मग एकदम हळू आवाजात विचारतो, "मॅडम, ते... काल आत गेलं, काही होईल का?" बायका तर बोलतच नाहीत, मोबाईलवर टाईप करून स्क्रीन माझ्याकडे फिरवतात. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू. मी डॉक्टर नाही, तपासणी मी करू शकत नाही, पण जे ठामपणे माहीत आहे ते सांगते, आणि डॉक्टरकडे कधी पळायचं तेही सांगते.

वीर्य म्हणजे असतं काय? ते अंगाला वाईट असतं का?

एका वेळी साधारण दीड ते पाच मिली येतं, म्हणजे औषधाच्या एका लहान चमच्यापेक्षा जास्त नाही. त्यात शुक्राणू फक्त दोन ते पाच टक्के असतात, बाकीचं सगळं पाणी वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतं, त्यात फ्रुक्टोज साखर, सायट्रिक अॅसिड, झिंक, प्रोटीन असं असतं. आधी घट्ट चिकट असतं आणि पंधरा-तीस मिनिटांत पातळ होतं, ते नॉर्मल आहे, "पाणी पातळ झालं" म्हणून घाबरू नका. यात विष असं काहीही नाही. निरोगी माणसाचं वीर्य धड कातडीवर पडलं तर काहीही होत नाही.

मग भीती कशाची? खरं बघायचं तर दोनच गोष्टी आहेत. त्या माणसाला काही इन्फेक्शन आहे का, आणि दिवस राहू शकतात का. तिसरी एक अगदी कमी जणींना होणारी, अॅलर्जी, ती खाली लिहिलीय. यापलीकडे जे ऐकलंय ना, शरीर बिघडतं, रक्त खराब होतं, बाईचं वजन वाढतं, ते सगळं सोडून द्या. लग्नानंतर वजन वाढतं ते जेवणाने आणि बदललेल्या रुटीनने, वीर्याने नाही. हे मी नव्या सुनांना आणि त्यांच्या सासवांनाही सांगितलंय.

तोंडात गेलं, गिळलं गेलं. पोटात काही होईल का? दिवस राहतील का?

नाही राहत. पोट आणि गर्भाशय यांचा रस्ताच वेगळा आहे, गिळलेलं अन्नासारखं पचून जातं. फायदाही काही नाही, "प्रोटीन असतं" म्हणून कोणी आग्रह करत असेल तर एवढ्याशा थेंबात असलेलं प्रोटीन शेंगदाण्याच्या चार दाण्यांतूनही मिळतं. नको वाटत असेल तर नको म्हणा, एवढंच पुरेसं कारण आहे.

पण इन्फेक्शन तोंडातूनही होतं. गनोरिया, क्लॅमिडिया हे गुप्तरोगाचे जंतू घशात बसतात आणि बऱ्याचदा घसा दुखतसुद्धा नाही, त्यामुळे कळतच नाही. सिफिलिस आणि हर्पिस तोंडाने लागतात. एचआयव्हीचा धोका तोंडावाटे खूपच कमी आहे, पण तोंडात जखम असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो वाढतो. आपल्याकडे गुटखा-मावा खाऊन तोंड आतून सोललेली किती माणसं आहेत ते मी रोज बघते, तोंडाच्या अल्सरचं जेल आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं. असं तोंड असेल तर कंडोमशिवाय ओरल करूच नका. आणि करायच्या आधी जोरात ब्रश करू नका, हिरड्या खरचटतात. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा.

चेहऱ्याला लावलं तर ग्लो येतो म्हणतात?

नाही येत. पिंपल जात नाहीत, उलट काहींना खाज येते. मोबाईलवर बघून एक मुलगी विचारायला आली होती म्हणून इथे लिहिलं.

डोळ्यात उडालं, डोळा लाल झालाय, आग होतेय

चोळू नका. आधी हात धुवा, लेन्स असेल तर काढा, आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवत राहा, दोन शिंतोडे मारून चालत नाही. वीर्य थोडं अल्कलाइन असतं आणि त्यातली एन्झाइम्स डोळ्याला झोंबतात, म्हणून लाली येते, एका दिवसात ओसरते. दुसऱ्या दिवशीही लाल असेल, पू येत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि कारण खरं सांगा. गनोरिया डोळ्यात गेला तर डोळा पटकन खराब करतो, त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. घरात पडलेला जुना स्टेरॉइडचा ड्रॉप घालायचा नाही, हे हात जोडून सांगते.

हातावर, मांडीवर पडलं. बोटाला कापलेलं होतं

धड कातडीतून एचआयव्ही आत जात नाही. साबण-पाण्याने धुतलं की विषय संपला. ताजी, रक्त येणारी जखम असेल तर धोका थोडा असतो, धुवा, जखम दाबून पिळू नका, आणि समोरच्याला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असल्याचं माहीत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. जुन्या खपली धरलेल्या ओरखड्याने काही होत नाही.

संबंधानंतर आत आग होते, सूज येते. हे वीर्यामुळे असेल का?

असू शकतं, पण पहिला संशय वीर्यावर घेऊ नका. जास्त वेळा कारण असतं कोरडेपणा, घाई, फंगल इन्फेक्शन, लघवीचं इन्फेक्शन, किंवा कंडोमच्या रबराची नाहीतर त्याच्या फ्लेवरची अॅलर्जी.

वीर्याची खरी अॅलर्जीसुद्धा असते. पहिली केस १९५८ मध्ये नोंदवली गेली. वीर्यातल्या प्रोटीनवर शरीर उलटतं, जास्त करून प्रोस्टेटमधून येणाऱ्या पीएसए नावाच्या प्रोटीनवर. वीर्य लागल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात आग, खाज, लाली, सूज, आणि जिथे जिथे लागलं तिथे तिथे, मांडीवर लागलं तर मांडीवरही. ओळखायची सोपी खूण म्हणजे कंडोम वापरला की त्रास अजिबात होत नाही, कंडोमशिवाय होतोच. उलट कंडोम वापरल्यावरच होत असेल तर दोषी लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, आहे, तेव्हा बिगर-लेटेक्स कंडोम मागा. काहींना पहिल्याच वेळी होतं, काहींना वर्षानुवर्षं संसार झाल्यावर.

एक बाई आल्या होत्या, लग्नाला आठ महिने झालेले, प्रत्येक वेळी सूज येते म्हणून सासरी सांगितलं तर "तुझंच काहीतरी नाटक" असं ऐकलं. त्या स्वतःच्या अंगातच खोट आहे असं धरून बसलेल्या. मी कंडोमचं पाकीट दिलं आणि सांगितलं, चार वेळा वापरून बघा मग मला सांगा. पंधरा दिवसांनी नुसत्या हसून गेल्या. पुढे स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मूल हवं असेल तरी घाबरायचं कारण नाही, हळूहळू सवय लावायची ट्रीटमेंट असते, आणि वीर्य धुऊन फक्त शुक्राणू गर्भाशयात सोडता येतात. पण तोंड-ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास अडकला तर मात्र वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल.

आत पडलं की दुसऱ्या दिवशी वास येतो, पांढरं जातं. आतून धुवायचं का?

नाही, नाही आणि नाही. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. योनी आतून आंबट असते, पीएच साधारण ३.८ ते ४.५, तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक अॅसिड करून ती तशी ठेवतात, दह्यातल्या जंतूंची भावंडंच समजा. वीर्याचा पीएच ७.२ ते ८. म्हणजे वीर्य आत पडलं की काही तास तो आंबटपणा कमी होतो, म्हणून थोडा वेगळा वास येतो आणि दिवसभर थोडं पातळ बाहेर येत राहतं. आपोआप नीट होतं.

पण वास माशासारखा असेल, संबंधानंतर जास्तच येत असेल, राखाडी-पांढरं पातळ जात असेल तर ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस असू शकतं, गोळ्यांनी बरं होतं. दह्यासारखे गोळे आणि खाज म्हणजे फंगल. पिवळं-हिरवं, फेसाळ, ओटीपोटात दुखणं, ताप म्हणजे तपासणी आजच्या आज. तिन्हीचं औषध वेगळं असतं, त्यामुळे "पांढरं जातंय, काहीतरी द्या" असं म्हटलं तर मी देत नाही, मग बायका रागावतात, रागवा, चालेल.

आणि आता ती तुरटी. आमच्या भागात किती बायका तुरटीच्या पाण्याने, डेटॉलने, लिंबाने आतून धुतात, कोणी "घट्ट राहावं" म्हणून, कोणी वीर्य "काढून टाकायला". त्याने आतलं नाजूक अस्तर सोलून निघतं, चांगले जंतू मरतात आणि खरं इन्फेक्शन लागणं सोपं होतं. फक्त बाहेरून, साध्या पाण्याने. संबंधानंतर लघवी करून घ्या, लघवीचं इन्फेक्शन टाळायला त्याचा उपयोग होऊ शकतो. जाहिरातीतले व्हजायनल वॉश मी विकते, पण कोणी विचारलं तर गरज नाही असंच सांगते.

उभं राहिल्यावर सगळं बाहेर आलं. मग दिवस नाही ना राहणार?

राहू शकतात. बाहेर येतं ते पाणी, शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी पोचलेले असतात. उड्या मारून, धुऊन, लघवी करून ते परत येत नाहीत. लघवीचा रस्ताच वेगळा आहे, हे सांगितल्यावर बी.कॉम. झालेली मुलंसुद्धा चकित होतात. आत गेलेले शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, त्यामुळे पाळी संपल्यावर लगेच झालेल्या संबंधानेही दिवस राहू शकतात, विशेषतः ज्यांची पाळी लवकर-लवकर येते त्यांना.

हेच उलट बाजूने, मूल हवं असलेल्या जोडप्यांनाही: बाहेर येतं म्हणून काळजी करू नका, कंबरेखाली उशी घेऊन तासभर पाय वर करून पडायची गरज नाही.

बाहेर काढलं होतं वेळेवर, तरी?

वेळेवर काढणं रोज जमत नाही. या पद्धतीवर भिस्त ठेवणाऱ्या जोडप्यांत वर्षभरात शंभरातल्या वीसेक जणींना दिवस राहतात. कंडोमला नेहमीच्या वापरात तेरा, आणि दरवेळी नीट वापरला तर दोन. आधी जे चिकट पाणी येतं त्यातही कधी कधी शुक्राणू असतात, आणि एचआयव्हीही असू शकतो. मूल लगेच नको असेल तर धड काहीतरी वापरा.

टॉवेल, संडासची सीट, स्विमिंग पूल, कपड्यावरून?

नाही. हवेत वीर्य वाळलं की शुक्राणू मरतात, पाण्यात पसरले की संपतात. तलावात पोहून कोणाला दिवस जात नाहीत. कपडे घालून जवळ आल्याने जात नाहीत. योनीच्या अगदी तोंडाशी ओलं वीर्य लागलं, किंवा ओल्या बोटाने आत गेलं, तर शक्यता कमी असली तरी आहे. कपड्यावरचा डाग गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने प्रोटीन शिजून डाग पक्का होतो.

कंडोम फुटला! आता?

घड्याळ बघा. खरंच, सगळ्यात आधी किती तास झाले ते मोजा.

दिवस राहू नये म्हणून लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅमची एक गोळी, आय-पिल वगैरे नावाने मिळते, चिठ्ठी लागत नाही. ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी भारी, "अजून दोन दिवस आहेत" म्हणून उद्यावर टाकू नका. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर तिचा जोर कमी पडतो, तसं असेल तर सांगा, लपवू नका. ७२ तास उलटले असतील तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते, ती गोळीपेक्षाही खात्रीची. पुढची पाळी थोडी मागेपुढे होते, आठवडाभर लांबली तर युरीन टेस्ट करा. या गोळीने वांझपणा येत नाही. आणि ती राहिलेला गर्भ पाडत नाही, ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्या मेडिकलवरून परस्पर घेऊन घरी रक्तबंबाळ झालेल्या मुली मी बघितल्यात, त्यासाठी डॉक्टरच हवेत. अठरा पूर्ण असतील तर नवऱ्याची किंवा आईबापाची सही लागत नाही, कायद्याने फक्त तुमची संमती लागते.

इन्फेक्शनची शंका असेल तर पेप. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या, २८ दिवस रोज, पण सुरुवात ७२ तासांच्या आत, आणि तासा-दोन तासांत झाली तर उत्तमच. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जा, एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात ती जागा, बंद असेल तर कॅज्युअल्टीत सांगा. यात थांबून चालत नाही. सोमवारी जाऊ म्हणत शुक्रवारपासून घरी बसलेला एक मुलगा माझ्याकडे सोमवारी संध्याकाळी आला, ७२ तास नुकतेच उलटून गेले होते. त्याची टेस्ट पुढे निगेटिव्ह आली, पण ते तीन महिने त्याने कसे काढले ते मी पाहिलंय.

आणि कंडोम फुटतो कशाने? पाकिटात ठेवून महिनोन्महिने बसल्याने, एक्स्पायरी गेल्याने, टोकाची हवा न काढल्याने, आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्याने. तेलाने लेटेक्स मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं जेल वापरा. दोन कंडोम एकावर एक घालू नका, घासून फाटतात.

एचआयव्ही झालेल्या माणसाचं वीर्य आत गेलं तर होतोच का?

होतोच असं नाही, पण कुठे गेलं यावर खूप आहे. अमेरिकेच्या सीडीसीचे अंदाज असे, की समोरचा एचआयव्ही पॉझिटिव्ह असून उपचार घेत नसेल तर दर दहा हजार वेळांमागे गुदमार्गात घेणाऱ्याला १३८ वेळा, योनीत घेणाऱ्या बाईला ८ वेळा लागण होते. गुदमार्गाचं अस्तर पातळ, ओलावा नाही, पटकन फाटतं, म्हणून एवढा फरक. "मागून केलं तर दिवस जात नाहीत, म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढा, कंडोम आणि जेल तिथे सगळ्यात जास्त लागतं. आणि हा सरासरी आकडा आहे, जखम असेल, दुसरं गुप्तरोग इन्फेक्शन असेल, समोरच्याला नवीनच लागण झाली असेल तर धोका बराच वाढतो. आठ म्हणजे कमी असं समजून जुगार खेळू नका, एक वेळही पुरते.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पॉझिटिव्ह माणूस रोज एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, टेस्टमध्ये सापडतच नसेल, तर संबंधातून त्याच्यापासून लागण होत नाही. आपल्याकडे २००४ पासून सरकारी एआरटी फुकट मिळते. माझ्या ओळखीत असं जोडपं आहे, नवरा पॉझिटिव्ह, बायको आणि दोन पोरं निगेटिव्ह, द्राक्षाच्या सीझनला मला पेटी आणून देतात.

टेस्ट कधी करायची? लगेच केलेली टेस्ट जुनं काही होतं का तेवढंच सांगते. साध्या रॅपिड टेस्टचा पक्का निकाल तीन महिन्यांनी.

एचआयव्ही सोडून वीर्यातून अजून काय येतं?

हिपॅटायटिस बी, आणि हा चिवट आहे, शरीराबाहेर सात दिवस टिकतो. पण लस आहे, तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने. मोठ्या माणसांनीही घ्यावी, लग्नाच्या खरेदीत एवढा खर्च होतो त्यात हा किती. गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास ही येतात. सिफिलिस, हर्पिस, एचपीव्ही ही जास्त करून कातडीला कातडी लागून पसरतात, म्हणून कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. एचपीव्हीची लस मुलींना वेळेत दिली तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा टळतो.

झिका पण. महाराष्ट्रातला पहिला झिकाचा पेशंट २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसरला सापडला. पसरतो डासाने, पण पुरुषाच्या वीर्यात टिकून राहतो, म्हणून झाल्यावर तीन महिने कंडोम, आणि बायको गरोदर असेल तर पूर्ण बाळंतपणापर्यंत.

नसबंदी झालीय, तरी पाणी येतं. म्हणजे ऑपरेशन फेल?

नाही. वर लिहिलं ना, शुक्राणू दोन-पाच टक्केच, ते बंद झाले तरी बाकीचं पाणी तेवढंच दिसणार. फक्त ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरा आणि मग वीर्य तपासून शुक्राणू शून्य आहेत का बघा. ही तपासणी बरेच लोक करत नाहीत आणि मग बायकोवर संशय घेतात. नसबंदीने रोग थांबत नाहीत.

धात जाते, अंगातली ताकद चाललीय. एक थेंब वीर्याला रक्ताचे किती थेंब लागतात?

एकही नाही. वीर्य रक्तातून तयार होत नाही. वृषणात शुक्राणू सतत तयार होत असतात, एक खेप पिकायला सुमारे ७४ दिवस, तुम्ही बाहेर काढा किंवा काढू नका, कारखाना चालूच. जुने तसेही शरीरात विरतात नाहीतर झोपेत बाहेर पडतात. स्वप्नदोष हा दोष नाही, नावच चुकीचं पडलंय.

पण थकवा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ही भीती आपल्याकडे इतकी जुनी आणि खोल आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला धात सिंड्रोम असं नावच दिलं. पोराला खरोखर झोप लागत नाही, छाती धडधडते, पाय गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याला कारण वीर्य जाणं नाही, वीर्य गेल्याची भीती आहे, कित्येकदा आतून डिप्रेशन असतं. ते मानसोपचाराने बरं होतं. स्टँडजवळच्या भिंतींवर, रस्त्याकडेच्या तंबूत "धातू पुष्टी" लिहून ज्या पुड्या विकतात त्यांनी नाही. एका पोराने एका तंबूत अठरा हजार घातले, आईच्या पोतीचे पैसे, आणि ती पुडी माझ्याकडे घेऊन आला, यात काय आहे बघा म्हणून. लेबलच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या विषयावर उघड बोलले म्हणून आयुष्यभर त्रास सोसला. मराठी माणसाला हे सांगणारा माणूस तेव्हाच येऊन गेला, तरी तंबू अजून उभे आहेत.

लघवीच्या आधी-नंतर एखादा चिकट थेंब येतो तो बहुतेक वेळा नॉर्मल. जळजळ, पू, पिवळं येत असेल तर ते धात नाही, इन्फेक्शन आहे, दाखवा. वीर्यात रक्त एकदा दिसलं तर बहुतेक वेळा आपोआप जातं, पण परत परत दिसलं किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल तर युरॉलॉजिस्ट.

बायको गरोदर आहे, आत पडलं तर बाळाला लागतं का?

नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, गर्भाशयाच्या तोंडाला घट्ट चिकट बूच असतं. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतं म्हणून नंतर पोट थोडं कडक होऊ शकतं, थोड्या वेळात जातं. नवव्या महिन्यात "यानेच कळा येतात" म्हणतात, तसं सिद्ध झालेलं नाही. रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा डॉक्टरांनी मना केलं असेल तर बंद. नवऱ्याला काही इन्फेक्शन असेल तर या काळात कंडोम हवाच, कारण आता प्रश्न दोघांचा नाही, तिघांचा आहे.

बागेत फवारणी करून आलो आणि लगेच जवळ आलो. औषध वीर्यातून जातं का?

दिंडोरीच्या एका दादांनी विचारलेला प्रश्न, आणि फार चांगला प्रश्न. आधी काळजी करायची ती वीर्याची नाही, कातडीवरच्या औषधाची. कीटकनाशक शरीरात जास्त करून कातडीतूनच जातं, आणि लघवीच्या जागची कातडी हातापेक्षा कितीतरी पट जास्त शोषून घेते. फवारलेल्या हाताने लघवीला गेलात की तिथे लागलं, तेच पुढे बायकोला लागणार. लघवीला जायच्या आधी हात धुवा, घरी आल्यावर कपडे वेगळे टाका, साबण लावून अंघोळ, मगच पोरांना उचला आणि मगच जवळ जा. केमोथेरपी चालू असलेल्यांचं मात्र वेगळं आहे, तिथे औषध वीर्यात उतरू शकतं, डॉक्टर सांगतील तितके दिवस कंडोम वापरा.

त्याने न सांगता कंडोम काढला. किंवा मला नको होतं

ही तुमची चूक नाही. नवरा असो की मित्र. वर लिहिलेले तास इथेही तसेच मोजायचे, गोळी आणि पेप दोन्ही. जबरदस्ती झाली असेल तर जमलं तर अंघोळ न करता, कपडे न धुता, तेच कपडे कागदी पिशवीत घेऊन जा, पण अंघोळ झाली असेल तरी जाच. सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलला फुकट उपचार करावेच लागतात, आधी पोलीस कंप्लेंट करून या असं त्यांना म्हणता येत नाही. ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाईन.

तपासणीला जायचं कुठे? कोणी ओळखीचं भेटलं तर?

सिव्हिलला आयसीटीसी आहे, एचआयव्ही टेस्ट आणि समुपदेशन फुकट. गुप्तरोगासाठी सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक असतं, गोळ्यांचे रंगीत किट तिथेच मिळतात. नाशिकरोडवाल्यांना बिटको जवळ, द्वारकेकडच्यांना कथड्याचं झाकीर हुसेन, तिथे विचारलं तरी पुढचा रस्ता सांगतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट कोणाला सांगता येत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, फुकट, नाव सांगावं लागत नाही. एकटे गोळ्या घेऊन थांबू नका, दोघांची ट्रीटमेंट एकदम झाली नाही तर परत लागतं.

मेडिकलवर सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटते

दुपारी दोन ते चार या. दुकान रिकामं असतं. नाहीतर मोबाईलवर टाईप करा आणि दाखवा, मी मोठ्याने वाचत नाही. मागच्या मार्गशीर्षात रात्री दहाला शटर अर्धं ओढलं असताना एक मुलगी आली, कंपनीचं आयकार्ड गळ्यात, हाताला बहिणीच्या लग्नाची मेंदी. स्क्रीनवर लिहिलेलं, "परवा फुटला. कोणाला विचारू कळेना." बिलाच्या पाठीवर आम्ही दोघींनी तास मोजले. एक्कावन्न. गोळी तिथेच पाण्याबरोबर घेतली तिने, मी स्टूल दिलं बसायला, आणि सकाळी सिव्हिलला कुठल्या दाराने आत जायचं ते त्याच बिलावर काढून दिलं.